वेटसूटची उस्तवार आली कुठून?

वेटसूट घेणाऱ्याला सूटबरोबर नियमांची एक यादीच मिळते. पाण्याबाहेर आलं की सूट उलटा करायचा, गोड्या पाण्यात खळबळायचा, निथळू द्यायचा आणि रुंद हँगरवर सावलीत वाळत घालायचा. गरम पाणी नको, ऊन नको, ब्लीच तर नकोच. एवढी उस्तवार कशासाठी, असं विचारलं तर बहुतेक जण समुद्राच्या मिठाकडे बोट दाखवतात. ते खोटं नाही, पण पुरेसंही नाही. समुद्र पूर्वीही खाराच होता, आणि त्यात उतरणारे रबरी पोशाख वेटसूटच्या शंभर वर्षं आधीपासून होते. पोशाखाचा इतिहास पाहिला तर वेगळंच कारण पुढे येतं. पोशाख अंगात चढवणं जसजसं सोपं होत गेलं, तसतसं तो उतरवल्यानंतरचं काम वाढत गेलं.

लंडनमध्ये स्थायिक झालेल्या ऑगस्टस सिबे या जर्मन कारागिराने १८३० च्या दशकात पाणबुड्यांसाठी बंदिस्त पोशाख तयार केला. दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर ही त्याच्या कापडामागची युक्ती चार्ल्स मॅकिंटॉशच्या १८२३ च्या पेटंटमधली. १७८२ मध्ये पोर्ट्समथजवळ बुडालेल्या ‘रॉयल जॉर्ज’ या युद्धनौकेचे अवशेष हलवायला १८३९ पासून जी मोहीम चालली, तिच्यात सिबेचे पोशाख वापरले गेले. पुढे हा पोशाख ज्या रूपात स्थिरावला त्यात चढवण्याचा सोहळा मोठा असे. मदतनीस लागत, वजनी बूट आणि तांब्याचं शिरस्त्राण वेगळं चढवावं लागे, आणि मनगटावरचा रबरी कफ इतका घट्ट असे की साबण चोळल्याशिवाय हात आत सरकत नसे. पण आतला माणूस लोकरी कपडे घालून कोरडाच राहायचा. घाम मुरायचा तो त्या लोकरीत, आणि लोकर काढून निराळी धुता यायची. रबरी पोशाख वाळवला, फाटला तिथे ठिगळ लावलं, की बरंचसं काम आटोपलं.

ही वाटणी मोडली ती विसाव्या शतकात. निओप्रीन हे कृत्रिम रबर ड्युपाँच्या प्रयोगशाळेत १९३० मध्ये सापडलं होतं. ते तेलाला आणि हवेतल्या ओझोनला नैसर्गिक रबरापेक्षा चांगलं तोंड देतं. बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५१-५२ च्या सुमारास ध्यानात आणून दिलं की ऊब टिकवायला पाणबुड्याने कोरडं राहण्याची गरजच नाही. उष्णता अडवतात ते फेसाळ निओप्रीनमधले वायूचे बंद बुडबुडे. अंगाला थोडं पाणी लागलं तरी बिघडत नाही. जॅक ओ’नील आणि मायस्ट्रेल बंधूंनी कॅलिफोर्नियात हे सूट सर्फरांपर्यंत पोचवले. (पहिला कोण, हा वाद तिथे अनेक वर्षं रंगला.) सुरुवातीच्या या सूटना अस्तर नव्हतं. उघडं निओप्रीन कातडीला चिकटे, म्हणून टाल्कम पावडर फासून, इंच इंच सरकवत सूट चढवायचा. नख लागलं तरी फाटे, आणि सांधे डिंकानेच चिकटवलेले असल्यामुळे डागडुजी पाठ सोडत नसे. मात्र सूट काढल्यावर मळ धरून ठेवील असं त्यात कापडच नव्हतं.

१९६० च्या दशकात निओप्रीनवर नायलॉनचं कापड चिकटवण्याची पद्धत रूढ झाली. पावडर गेली, सूट अंगात सरकू लागला, फाटणंही कमी झालं. पण हे कापड सूटपासून सुटं करता येत नाही. पूर्वी जे काम लोकरीचं होतं ते आता अस्तराकडे आलं, आणि अस्तर धुवायचं तर सबंध सूट पाण्यात घालणं भाग पडलं. त्यात मुरतं ते निव्वळ मीठ नव्हे. थंड पाण्यात आणि पाण्याच्या दाबाखाली रक्त हातापायांतून छातीकडे ढकललं जातं. शरीराला ते जास्तीचं द्रव वाटतं आणि मूत्रपिंडं कामाला लागतात. पुढचं सर्फर आणि पाणबुडे जाणतात. चारचौघांत बोलत नाहीत एवढंच. फेसातले बुडबुडे बंद असल्याने त्यात हे काही शिरत नाही, पण अस्तराच्या धाग्यांत जीवाणूंना मेजवानी मिळते. कुबट वास येतो तो तिथून. सूट उलटा करून धुण्याचा नियमही त्यातूनच आलेला आहे.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं शाम्पू विकणाऱ्यांनी वाढवलेलं खूळ आहे. थोडं आहेही, वेळच्या वेळी भरपूर साधं पाणी वापरलं तर रोज बाटली उघडावी लागत नाही. अधिक वजनदार आक्षेप असा की रबराला जपावं तर पूर्वीही लागे. नैसर्गिक रबर उन्हाने आणि तेलाने खराब होई. खरं आहे, आणि ऊन टाळण्याचा नियम त्याच घराण्यातला. पण ती वस्तूची राखण झाली. माणसाने मागे सोडलेलं धुऊन काढणं हे काम निराळं, आणि ते अस्तराबरोबर आलं. याची पडताळणी आजही करता येते. भाला घेऊन मासे मारणारे पाणबुडे अजून आतून बिनअस्तराचा सूट पसंत करतात. तो चढवताना साबणाचं किंवा शाम्पूचं पाणी आत ओतावं लागतं, नखं सांभाळावी लागतात. उतरवल्यावर मात्र आतली बाजू विसळली की पुष्कळसा मळ निघून जातो, कारण त्याला धरून ठेवणारा धागा तिथे नसतो. एकाच काळात, एकाच समुद्रात दोन्ही प्रकार वापरात असताना फरक मिठाचा कसा म्हणायचा?

तारकर्ली-मालवणला डायव्हिंगला येणारा पर्यटक भाड्याचा सूट घालतो आणि काढून देऊन निघून जातो. धुणं उरतं ते तिथल्या माणसांना. सिबेच्या पाणबुड्याला पोशाख चढवायला मदतनीस लागत. इथे ते नंतर लागतात, आणि एकाच अस्तरातून दिवसभरात किती अंगं गेली याचा हिशेब त्यांच्या बादलीतल्या पाण्यावर पडतो. शिवाय पावसाळ्यात समुद्र बंद असतो तेव्हा सूट कोकणच्या दमट हवेत महिनोन्‌महिने टांगलेले राहतात. मे महिन्यात अस्तर नीट धुऊन खडखडीत वाळवलं नसेल, तर हंगाम उघडताना आधी बुरशी काढत बसावं लागतं.