पहिला वस्तरा घेताय? चमक बघून फसू नका, स्वस्तातला कोणता चालतो ते आधी बघा

ऑनलाइन दुकानात ‘वस्तरा’ टाकून शोधले की शंभर-दीडशे रुपयांपासून दहा-पंधरा हजारांपर्यंतचा माल समोर येतो. फोटोत सगळेच चकचकीत. कुणाची मूठ शिसवी लाकडाची, कुणाच्या पात्यावर लाटांची नक्षी. पाचशे-सातशे रुपये देऊन नवशिका त्यातलाच एक मागवतो, गालावर फिरवतो, आणि केस कापण्याऐवजी ओढले जातात. दोन-चार ठिकाणी रक्त येते, गाल आठवडाभर चुरचुरतो आणि वस्तरा कपाटात जातो. बहुतेक वेळा चूक हाताची नसतेच. त्या वस्तऱ्याला दाढीची धारच लावलेली नसते.

म्हणून आधी एक गोष्ट समजून घ्यावी. वस्तरे दोन जातीचे. एक पारंपरिक, म्हणजे पाते आणि धार अखंड, पूर्वी नाभिकांच्या धोकटीत असायचा तसा. दुसरा ब्लेडचा, आज सलूनमध्ये दिसतो तो. त्यात साधे दुधारी ब्लेड मधून मोडून अर्धे बसवतात आणि दाढी झाली की फेकतात. दिसायला दोन्ही सारखे, पण खर्चाचे गणित एकदम वेगळे.

पारंपरिक वस्तऱ्यात पैसा कुठे जातो

वस्तरा एकदा घेतला की झाले, असे वाटते. तसे नाही. प्रत्येक दाढीआधी तो चामड्याच्या पट्ट्यावर चाळीस-पन्नास वेळा फिरवावा लागतो. काही महिन्यांनी धार बसते, मग ती दगडावर पाजवावी लागते, आणि तो दगड विळा-कोयत्याचा नव्हे. आधी १००० नंबरचा, मग ४०००, मग ८००० किंवा त्याहून बारीक, असे चढत जावे लागते. एवढे दगड विकत घ्यायचे तर वस्तऱ्यापेक्षा तेच महाग पडतात.

सायकलवर सहाण घेऊन ‘धार लावायची का धार’ म्हणत येतो, त्याच्याकडे वस्तरा कधीही देऊ नये. विळी, कात्री त्याने लावावी, तो त्यात वाकबगार असतो. पण फिरत्या चाकावर वस्तऱ्याचे बारीक पाते तापते, पोलादाचा कडकपणा जातो आणि मग त्यावर धार टिकत नाही. जुन्या काळचे नाभिक कारागीर गावात असतील तर त्यांना विचारावे. वस्तरा हातावर पाजवणारी माणसे आता थोडी उरलीत, पण आहेत.

जर्मनीतल्या सोलिंगेन शहरातले वस्तरे नावाजलेले. तिथल्या मालाचे नाव दुसऱ्या कुणी वापरू नये म्हणून त्या देशात १९३८ साली कायदाच झाला. तिथला नवा वस्तरा आपल्याकडे हजारांच्या घरात जातो. म्हणून चार-पाचशे रुपयांच्या नव्या वस्तऱ्यावर ‘सोलिंगेन’ कोरलेले दिसले तर तो माल सोडून द्यावा. घरात आजोबा-पणजोबांचा जुना वस्तरा निघाला तर मात्र फेकू नका. वरवरचा काळपटपणा चालतो. धारेवर गंजाचे खड्डे किंवा चीर असेल तर तो फक्त आठवण म्हणून ठेवावा.

नवशिक्याने काय घ्यावे

सरळ सांगायचे तर ब्लेडचा वस्तरा. तालुक्याच्या ठिकाणी सलूनचे सामान विकणारी दुकाने असतात, तिथे दोनशे-तीनशे रुपयांत चांगला मिळतो. ऑनलाइनपेक्षा तिथूनच घ्यावा, कारण हातात धरून बघता येतो. प्लास्टिकचा हलका नको, स्टीलचा थोडा जड बरा. वजन असले की जोर लावावा लागत नाही. दुकानातच ब्लेड बसवून बघावे. ते हलता कामा नये आणि धार दोन्ही टोकांना सारखीच बाहेर आली पाहिजे. एका बाजूला जास्त आली तर तो वस्तरा हमखास कापणार. टोक गोल असलेला निवडावा. चौकोनी टोक कानाजवळ आणि नाकाखाली लागते.

पारंपरिकच हवा असेल, हौसेला मोल नसते, तर विकणाऱ्याला एकच विचारावे: दाढीसाठी हाताने धार लावून देता का? ‘नवीन आहे, धार असतेच’ असे उत्तर आले तर पुढे जावे. रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात. ५/८ किंवा ६/८ नवशिक्याला ठीक. पार्सल फोडताना मोबाईलवर व्हिडिओ काढावा. मग वस्तरा सपाट काचेवर आडवा ठेवावा. डुगडुगला तर पाते वाकडे आहे, परत पाठवावा. मिटल्यावर पाते मुठीच्या मधोमध बसले पाहिजे, कडेला घासता कामा नये. सोबत चामड्याचा पट्टा घ्यावाच, पण स्वस्तातला. पट्ट्यावर वस्तरा पाठ पुढे ठेवून ओढायचा असतो, धार पुढे नाही. पहिल्या महिन्यात ही चूक होतेच आणि पट्टा कापला जातो.

पहिली दाढी

आंघोळीनंतर, केस मऊ असताना करावी. साबणाचा फेस भरपूर. एका हाताने कातडी ताणून धरायची, वस्तरा गालाशी साधारण ३० अंशांत कलता ठेवायचा आणि केसांच्या दिशेनेच खाली आणायचा. आडवा सरकवला की कापलेच म्हणून समजा. पहिले आठ-दहा दिवस फक्त गाल करावेत. हनुवटी आणि गळा नेहमीच्या रेझरने उरकावा. यात कमीपणा काही नाही. ब्लेडचा वस्तरा पारंपरिकपेक्षाही चुकीला कमी माफ करतो, हेही ध्यानात असू द्यावे. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, किंवा मधुमेहामुळे जखम लवकर भरत नसेल, तर हा नादच नको. चेहऱ्यावर पिकलेले फोड असतील तर ते बरे होईपर्यंत थांबावे.

आणि एक पक्के: वस्तरा एकाचाच. भावाचा भावाने, बापाचा पोराने वापरायचा नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस टिकू शकतो. डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा अंशही त्याला पुरतो, आणि नुसते पाण्याखाली धरून तो जात नाही. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीची लागणही रक्तातून होते. सलूनमध्ये दर गिऱ्हाइकाला नवे ब्लेड लावायचे ते याचसाठी. तिथे बसल्यावर ‘दादा, ब्लेड नवीन लावा’ म्हणायला संकोच करू नये. चांगला कारागीर स्वतःच समोर पाकीट फोडतो. तुरटीचेही तेच. सगळ्यांच्या गालावर फिरलेला खडा आपल्या ताज्या कापावर लावून घेऊ नये. घरात स्वतःचा वेगळा ठेवावा, दहा रुपयांत येतो.

वापरून झाल्यावर

ब्लेड मोडताना कागदाच्या वेष्टनातच धरून मोडावे, उघडे नको. वापरलेली ब्लेडे उकिरड्यावर टाकण्याची सवय फार वाईट. उकिरड्यावर गुरे तोंड घालतात, पोरे अनवाणी फिरतात. जुना पत्र्याचा डबा घ्यावा, झाकणाला फट पाडावी आणि त्यात ती साठवावीत. एक डबा भरायला वर्ष-दोन वर्षे सहज लागतात. मग झाकण चिकटपट्टीने बंद करून, वर ‘ब्लेड’ असे लिहून घंटागाडीवाल्याच्या हातात द्यावा, कचऱ्यात मिसळून नाही.

पारंपरिक वस्तऱ्याचे पोलाद बहुधा गंजणारे असते. पावसाळ्यात मोरीजवळ ठेवला तर एका रात्रीत ठिपके पडतात. पुसून, कोरडा करून, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पात्यावर फिरवावा आणि कपाटात उंचावर, पोरांचा हात पोचणार नाही असा ठेवावा. दुसऱ्या दिवशी दाढीआधी ते तेल साबणाने धुऊन टाकायला विसरू नये.