पंचगंगेच्या पूररेषेतली घरे
कोल्हापूरची जुनी वस्ती ब्रह्मपुरी टेकडी आणि अंबाबाई मंदिराभोवतीच्या उंचवट्यावर वाढली. नदीकाठची सखल जमीन पिकांसाठी राहिली. पुढे शहर खाली उतरले आणि नागाळा पार्क, रमणमळा भागांत बंगले, अपार्टमेंट उभी राहिली. पंचगंगा नदी फुगली की शहरातून तिला मिळणाऱ्या जयंती नाल्याचे पाणी मागे ढकलले जाते, त्यामुळे नदीपासून दूरची घरेही बुडतात. फ्लॅट घेणाऱ्याला हे खरेदीखताआधीच कळायला हवे. नदीची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात; तिथे धोका पातळी 43 फूट आहे; 2019 मध्ये पाणी 55 फुटांवर, तर जुलै 2021 मध्ये 56 फुटांवर गेले. शहरातल्या सुतारवाडा वस्तीत पाणी लवकर शिरते. तिथली कुटुंबे चित्रदुर्ग मठात हलवली जातात. पूर कुठवर पोहोचतो हे दाखवणाऱ्या दोन रेषांवर बांधकामाचे नियम ठरतात. नदीजवळच्या निळ्या पूररेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई आहे. निळी रेषा आणि तिच्या पलीकडची, मोठ्या पुराची लाल रेषा यांच्या मधल्या पट्ट्यात बांधकामाला अटींवर परवानगी मिळते.