संकरित मोटारीचा उतारा : जालना–औरंगाबाद मार्गाच्या निकषावर काही विचार

जालना जिल्ह्यास ‘हायब्रीड’ हा शब्द मोटारीमुळे नव्हे, तर बियाण्यामुळे परिचित झाला. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनीची, म्हणजेच ‘महिको’ची स्थापना केली आणि संकरित वाणांचा प्रसार ह्या गावाच्या नावाशी कायमचा जोडला गेला. ह्या प्रसाराबरोबरच मराठवाड्यातील शेतकरी एक महत्त्वाचा भेद शिकला. प्रयोगक्षेत्रावर वाणाने दिलेला उतारा वेगळा आणि आपल्या रानात, आपल्या पाण्यावर व आपल्या खतावर मिळणारा उतारा वेगळा. पहिला आकडा खोटा नसतो. पण तो बियाण्याइतकाच प्रयोगक्षेत्राचाही असतो.

हाच भेद आज एका निराळ्या संकराच्या बाबतीत उपयोगी पडणारा आहे. ज्या मोटारीत पेट्रोलचे एंजिन आणि बाहेरून वीज भरता येणारी बॅटरी अशी दोन्ही साधने असतात, तिला प्लग-इन हायब्रीड म्हणतात. अशा मोटारीसंबंधी ग्राहकाला तीन आकडे सांगितले जातात : केवळ विजेवर ती किती किलोमीटर धावते, लिटरमागे एकूण किती किलोमीटर देते आणि तिची किंमत किती. हे तिन्ही आकडे यंत्राचे अंगभूत गुण आहेत अशी सर्वसाधारण समजूत असते. त्यांचा इतिहास पाहिला असता मात्र असे दिसून येते की, पहिला आकडा मुख्यतः चाचणीच्या संकेतावर, दुसरा वापराविषयीच्या गृहीतावर आणि तिसरा करव्यवस्थेवर अवलंबून असतो. ह्या विधानाची परीक्षा जालना ते औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) ह्या सुमारे साठ किलोमीटरांच्या मार्गावर करता येईल. १ मे १९८१ रोजी जालना हा औरंगाबादपासून स्वतंत्र जिल्हा झाला; तथापि न्यायालय, विमानतळ, विद्यापीठ आणि मोठी रुग्णालये ह्यांसाठी जालनेकरांची ह्या मार्गावरील ये-जा थांबली नाही.

१. चाचणीचा संकेत

मोटारीच्या इंधनखर्चाची अधिकृत मोजणी ही १९७३ च्या तेलसंकटाची देणगी होय. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने मोटारींच्या इंधनक्षमतेची प्रमाणे ठरविण्यात आली. युरोपात नागरी वाहतुकीचे एक ठराविक चक्र १९७० पासून प्रचारात होते. त्याला पुढे महामार्गाचा भाग जोडण्यात आला. अशा चाचणीत मोटार रस्त्यावर जात नाही. प्रयोगशाळेत रुळांवर तिची चाके फिरविली जातात आणि कोणत्या क्षणी किती वेग असावा हे आधीच ठरलेले असते.

भारतात हे कार्य प्रामुख्याने १९६६ साली पुण्यात स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ह्या संस्थेकडे आले. १९८५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या भारतीय चक्रात कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर आणि सरासरी वेग सुमारे २२ किलोमीटर होता. तत्कालीन शहरी वाहतुकीचे ते बरेचसे यथार्थ चित्र होते. २००० साली आलेल्या सुधारित चक्रात महामार्गाचा भाग समाविष्ट झाला. परंतु युरोपीय चक्रातील १२० किलोमीटरांच्या कमाल वेगाऐवजी येथे ९० ची मर्यादा ठेवण्यात आली. युरोपने स्वतःचे जुने चक्र अपुरे ठरवून २०१७ पासून नवे जागतिक चक्र स्वीकारले. त्यात वेग १३१ पर्यंत जातो.

ह्या फरकाचा परिणाम किती होतो हे चाकण येथे तयार होणाऱ्या महिंद्र कंपनीच्या ‘बीई ६’ ह्या संपूर्ण विद्युत् मोटारीवरून समजते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ह्या मोटारीच्या मोठ्या बॅटरीचा पल्ला भारतीय चक्राप्रमाणे ६८२ किलोमीटर, तर जागतिक चक्राप्रमाणे सुमारे ५५० किलोमीटर सांगण्यात आला. मोटार तीच, बॅटरी तीच. बदलला तो केवळ संकेत.

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि जालना जिल्ह्यातून ताशी १२० किलोमीटर वेगाने जाण्याची मुभा मोटारींना मिळाली. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ९० ऐवजी १२० च्या वेगाने जाणाऱ्या मोटारीस हवेचा सुमारे पावणेदोन पट विरोध सहन करावा लागतो. जालन्याचा मोटारचालक आज ज्या वेगाने प्रवास करू शकतो, तो वेग त्याच्या मोटारीच्या प्रमाणपत्रातील चाचणीने कधी पाहिलेलाच नसतो.

२. वापराचे गृहीत

केवळ विद्युत् मोटारीच्या बाबतीत प्रश्न येथे संपतो. प्लग-इन मोटारीत मात्र दोन इंधने असल्यामुळे त्यांचे प्रमाण कोणते धरावे, हा दुसरा प्रश्न उपस्थित होतो. युरोपातील जुन्या नियमाने त्याचे उत्तर एका साध्या सूत्राने दिले. बॅटरी संपल्यावर मोटार पुन्हा वीज भरेपर्यंत सरासरी २५ किलोमीटर पेट्रोलवर धावेल, असे त्यात मानलेले होते. विजेवरील पल्ला ५० किलोमीटर असेल, तर एकूण ७५ पैकी ५० किलोमीटर, म्हणजे दोन-तृतीयांश प्रवास, विजेचा ठरे.

समजा, एखादी मोटार विजेवर ५० किलोमीटर जाते आणि बॅटरी संपल्यानंतर लिटरमागे १५ किलोमीटर देते. ह्या सूत्राने तिचा अधिकृत आकडा लिटरला ४५ किलोमीटर येईल. आता हीच मोटार जालन्याच्या घरी रात्री वीज भरून औरंगाबादला जाऊन त्याच दिवशी परत आली, तर १२० पैकी ७० किलोमीटर पेट्रोलवर होतील आणि ‘ॲव्हरेज’ सुमारे २६ पडेल. औरंगाबादेत काम चालू असताना पुन्हा वीज भरता आली, तर पेट्रोलचे केवळ २० किलोमीटर उरून तोच आकडा ९० वर जाईल. मुंबईच्या सुमारे चारशे किलोमीटरांच्या प्रवासात तो १७ वर उतरेल. वीज कधीच भरली नाही, तर १५ च राहील, आणि जड बॅटरीचे ओझे मात्र सतत वाहावे लागेल. एकाच मोटारीचे हे पाच आकडे आहेत. त्यांपैकी कोणताही असत्य नाही आणि कोणताही एकटा पुरेसा नाही.

ह्या संदिग्धतेचे पहिले मोठे उदाहरण अमेरिकेत घडले. ऑगस्ट २००९ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या ‘शेव्हरोले व्होल्ट’ ह्या नियोजित मोटारीस शहरात गॅलनला २३० मैल, म्हणजे लिटरला सुमारे ९८ किलोमीटर, मिळतील असे जाहीर केले. पुढच्या वर्षी शासकीय पर्यावरण संस्थेने तिला संयुक्त ६० मैल, म्हणजे लिटरला सुमारे साडेपंचवीस किलोमीटर, हा आकडा दिला. विजेवरील पल्ला ३५ मैलांचा ठरला. ३५ मैल म्हणजे ५६ किलोमीटर. जालन्याहून निघालेली ही मोटार औरंगाबादच्या वेशीपर्यंत पेट्रोलाशिवाय पोचली असती, परतली मात्र पेट्रोलवर असती.

गृहीत आणि वास्तव ह्यांतील अंतर पुढे प्रत्यक्ष मोजले गेले. युरोपात २०२१ पासून नव्या मोटारींवर इंधनखर्चाची नोंद करणारे साधन अनिवार्य झाले. त्या नोंदींच्या आधारे युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यानुसार प्लग-इन मोटारींचे प्रत्यक्ष कार्बन-उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्याच्या साडेतीन पट आढळले. ह्याचे प्रमुख कारण यंत्रातील दोष नव्हे. लोक गृहीत धरले होते तितकी वीज भरीत नव्हते. ह्यानंतर गृहीत प्रमाण कमी करणारे नवे नियम युरोपात लागू करण्यात आले.

३. पुण्यातील प्रयत्न

प्लग-इन संकराचा इतिहास केवळ परदेशाचा आहे असे मात्र नाही. २०१० साली पुण्याच्या केपीआयटी कमिन्स ह्या कंपनीने भारत फोर्जच्या सहकार्याने ‘रिव्होलो’ नावाचा संच पुढे आणला. नवी मोटार विकण्याचा हा उपक्रम नव्हता. वापरात असलेल्या पेट्रोल मोटारीस विद्युत् मोटर व बॅटरी जोडून तिला प्लग-इन संकरित करावयाचे, अशी त्यामागील कल्पना होती. इंधनक्षमतेत चाळीस टक्क्यांहून अधिक वाढ होईल असा दावा करण्यात आला आणि संचाची किंमत सुमारे ६५ हजार ते दीड लाख रुपये राहील असे सांगण्यात आले.

ह्या कल्पनेचे महत्त्व त्या काळाच्या संदर्भात पाहिले पाहिजे. त्या वर्षांत मराठवाड्यातील गावे भारनियमनाने त्रस्त होती. केवळ विजेवर अवलंबून राहणारी मोटार अशा प्रदेशात धोक्याची ठरली असती. वीज असेल तेव्हा वीज आणि नसेल तेव्हा पेट्रोल ही सोय मात्र तालुक्याच्या गावातील व्यापाऱ्यास अथवा डॉक्टरास सहज पटण्यासारखी होती. परंतु वापरातील वाहनावर असा संच बसविण्यासंबंधीचे केंद्रीय नियम २०१६ साली झाले. दरम्यान सहा वर्षे गेली होती. खाजगी मोटारींच्या बाजारात हा संच रुजला नाही. स्वस्त प्लग-इन मोटारीची कल्पना महाराष्ट्रात प्रथम मांडली गेली आणि महाराष्ट्राच्या रस्त्यांवर प्लग-इन मोटार आली ती महागड्या रूपात, असा हा विरोधाभास आहे.

४. किंमत आणि कर

फेब्रुवारी २०१५ मध्ये बीएमडब्ल्यूने ‘आय ८’ ही मोटार भारतात आणली. तिची किंमत २ कोटी २९ लाख रुपये होती आणि विजेवरील पल्ला ३७ किलोमीटर. म्हणजे जालन्याहून निघाल्यास बदनापूर ओलांडून करमाडच्या आसपासपर्यंत. २०१६ मध्ये आलेल्या व्होल्व्होच्या ‘एक्ससी ९०’ ह्या प्लग-इन मोटारीची किंमत सव्वा कोटीच्या घरात होती. इतका पैसा खर्च करणारा ग्राहक ह्या भागात नाही असे नव्हे. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादेत दीडशे मर्सिडीज मोटारींची एकत्रित खरेदी झाली होती. तथापि एवढी किंमत मोजणाऱ्यास पेट्रोलची बचत हे खरेदीचे कारण असू शकत नाही. आणि ज्यास ती बचत हवी, त्यास ही किंमत परवडत नाही.

कराचे धोरणही ह्या बाबतीत सुसंगत राहिले नाही. २०१५ च्या ‘फेम’ योजनेत संकरित मोटारींना अनुदान मिळाले. नाममात्र विद्युत् साहाय्य घेणाऱ्या मोटारींनीही त्याचा लाभ घेतला आणि २०१७ मध्ये त्यांना वगळावे लागले. त्याच वर्षी आलेल्या वस्तू व सेवा कराने मोठ्या संकरित मोटारींवर उपकरासह ४३ टक्के आकारणी केली, तर संपूर्ण विद्युत् मोटारींवरील कर १२ टक्के व १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर जाऊन मोठ्या मोटारींसाठी ४० टक्के आणि लहानांसाठी १८ टक्के हे दर आले. विद्युत् मोटारींचे ५ टक्के कायम राहिले. लहान-मोठे ठरते ते मोटारीची लांबी आणि एंजिनाचे आकारमान ह्यांवरून. ती किती किलोमीटर विजेवर धावते ह्याचा त्या हिशेबात विचार नाही. उलट २०१७-१८ पासूनच्या इंधनक्षमता-नियमांत कारखानदाराची प्रत्येक प्लग-इन मोटार अडीच मोटारींइतकी गणली गेली. अशा रीतीने ग्राहकाकडून जवळपास पेट्रोल मोटारीचा कर घेतला गेला आणि उत्पादकास मात्र विजेचे श्रेय देण्यात आले. दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष वापराची मोजणी नव्हती.

बचतीचा हिशेब मुळात सरळ आहे. पेट्रोल लिटरला १०० रुपये, वीज युनिटला १० रुपये आणि विजेवर १०० किलोमीटरांस २० युनिटे असे मानल्यास उपरोक्त मोटारीचा किलोमीटरमागील खर्च पेट्रोलवर सुमारे ६ रुपये ६७ पैसे आणि विजेवर २ रुपये येतो. वर्षातील तीनशे दिवस रोज ५० किलोमीटर विजेवर केले, तर सुमारे ७० हजार रुपये वाचतात. मोटारीची किंमत पेट्रोल मोटारीपेक्षा ७ लाखांनी अधिक असेल, तर व्याज न धरताही ती भरून निघण्यास दहा वर्षे लागतील. ‘रिव्होलो’सारख्या दीड लाखाच्या संचाने ह्याच्या निम्मी बचत दिली असती, तरी त्याचे पैसे पाच वर्षांच्या आत वसूल झाले असते.

५. समारोप

हा विषय जालन्याच्या दृष्टीने आता केवळ अभ्यासाचा राहिलेला नाही. ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्कर कंपनीने छत्रपती संभाजीनगर येथे सुमारे २० हजार कोटी रुपयांच्या प्रकल्पासाठी राज्य शासनाशी सामंजस्य करार केला. त्याच वर्षी बिडकीन औद्योगिक क्षेत्रात जेएसडब्ल्यू समूहाच्या वाहन-प्रकल्पास शासनाची मान्यता मिळाली. दोन्ही योजनांत विद्युत् मोटारींबरोबर संकरित मोटारींचा उल्लेख आहे. पुण्यात २०१० साली हुकलेली संधी मराठवाड्याच्या दारात निराळ्या स्वरूपात येऊ शकते.

अशा वेळी कोणता आकडा ग्राह्य मानावा, हा प्रश्न निर्णायक ठरतो. एकत्रित ‘ॲव्हरेज’ हा प्लग-इन मोटारीचा सर्वांत आकर्षक, पण सर्वांत कमी उपयोगाचा आकडा आहे. विजेवरील पल्ला, विजेवर किलोमीटरमागे लागणारी युनिटे आणि बॅटरी संपल्यानंतर लिटरमागे मिळणारे किलोमीटर हे तीन आकडे पृथक् दिले, तर प्रत्येक ग्राहक आपल्या मार्गाचा हिशेब स्वतः मांडू शकतो. आणि सवलत द्यावयाची झाल्यास ती मोटारीच्या नावास न देता नोंदविलेल्या विद्युत् किलोमीटरांस देणे शासनास शक्य होते. पाकिटावरील उताऱ्यास आपल्या रानाचे माप लावूनच पेरणीचा निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यास ही रीत नवी नाही.