लोहाराच्या नजरेतले तापमान

१७९४ साली मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पोलादाचे काही नमुने पाठवले. हे दक्षिण भारतातले पोलाद. कन्नडमध्ये पोलादाला 'उक्कू' म्हणतात. इंग्रजांनी त्याचे 'वुट्झ' केले. याच जातीच्या पोलादातून इराण व पश्चिम आशियातले कारागीर अंगावर लहरींची नक्षी असलेल्या तलवारी घडवत. युरोपात त्या 'दमास्कस' तलवारी म्हणून गाजल्या.

हे पोलाद कसे बनत असे? लोखंडाचे तुकडे, तरवडाचे लाकूड आणि रुईची पाने मातीच्या मुशीत घालून तोंड लिंपून टाकत आणि मूस भट्टीत ठेवत. लाकूड-पानांतला कार्बन लोखंडात मुरला की त्याचा विलयबिंदू खाली येई व ते वितळे. मूस निवल्यावर फोडली की सुमारे दीड टक्का कार्बन असलेला गोळा हाती लागे.

खरी कसोटी पुढे होती. युरोपातले लोहार आपले कमी कार्बनचे लोखंड पांढरे होईपर्यंत तापवून ठोकत. तीच सवय येथे नडली. इतक्या उष्णतेला या गोळ्यातले काही भाग वितळू लागतात आणि घण पडताच त्याचा चुरा होतो. हे पोलाद फिक्या लाल रंगापलीकडची उष्णता सोसत नाही, असे स्कॉट यांनी कळवलेही होते. तापमापक नसताना जाणता लोहार हा रंग नजरेने ओळखे, तो उतरू लागताच तुकडा पुन्हा भट्टीत धरी.

मायकेल फॅरडे स्वतः लोहाराचा मुलगा. १८१९ साली त्याने या पोलादाचे विश्लेषण केले आणि त्याच्या गुणांचे श्रेय त्यातल्या ॲल्युमिना व सिलिकाला दिले. हा निष्कर्ष चुकीचा ठरला. नक्षी कशामुळे उमटते, याचे पटण्याजोगे उत्तर १९९८ साली अमेरिकेत मिळाले. धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोव्हन आणि लोहारकाम करणारे आल्फ्रेड पेंड्रे यांनी मिळून तशी पाती घडवून दाखवली. खनिजातून आलेल्या व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांचा नुसता अंश असला, तरी पुन्हापुन्हा तापवून ठोकताना लोह-कार्बाइडचे कण ओळीने गोळा होतात. तीच ती नक्षी.

हे अंश नसलेले खनिज वापरले, तर कसबी लोहाराच्या हातूनही नक्षी उमटत नाही. एकोणिसाव्या शतकात ही कला लोपली, त्याचे एक कारण हे असावे, असे या दोघांचे मत होते. पण खनिज मिळूनही भागत नाही. व्हरहोव्हन यांच्या सूक्ष्मदर्शकाला पेंड्रे यांच्या घणाची जोड मिळाली, तेव्हाच हे कोडे सुटले.