गाव बांधायचं तर आधी पीठ भरायचं

मारेगाव तालुक्यात गाव बंद करण्याची रीत सरकारी कायद्याहून जुनी आहे. कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, तिला गावबांधणी म्हणतात. ठरल्या दिवशी शिवेवर पूजा होते. मग ठरलेला काळ पोडातलं माणूस बाहेर पाऊल टाकत नाही आणि बाहेरचं कुणी आत येत नाही, मग तो पाहुणा असो, सावकार असो की सरकारी जीप. रोगराईने शीव ओलांडू नये म्हणून ही बांधणी. मी या तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली. माझ्या उपकेंद्राखाली काही पोडं होती, त्यामुळे ही बंदी मी शिवेच्या अलीकडे उभी राहून पाहिलेली आहे.

नोकरीला नवी होते तेव्हाची गोष्ट. एका पोडाच्या नाईकाने निरोप धाडला, "बाई, परवा गाव बांधतो आमी. तुमचं जे काम असन ते उद्याच उरकून घ्या." दुसऱ्या दिवशी लसीची पेटी घेऊन गेले, तर पोडावर लगबग चाललेली. बायका ज्वारीचं दळण घेऊन येत होत्या, सरपणाचे भारे कुडाला टेकवून ठेवले जात होते, गुंड भरले जात होते. एका एकट्या म्हातारीच्या घरात पीठ नव्हतं. शेजारच्या बायका आल्या, तिच्या सुपात ओंजळ ओंजळ पीठ टाकून निघून गेल्या. कुणी कुणाला सांगितलं नाही, कुणी आभार मानले नाहीत. बंदी लागण्याआधी पोडाने एवढं पाहून घेतलं होतं की बंदीत कुणाची चूल विझणार नाही. मग शीव बांधली, आणि ती पाळायला पहारेकरी लागला नाही.

साथीत माणसाच्या मोकळिकीला किती कात्री लावावी, यावर मी पुढे बरंच वाचलं. पण माझं मोजमाप त्या सुपातल्या पिठाचंच राहिलं.

पूजेने जंतू अडत नाहीत, हे मला सांगावं लागू नये. अंगारे-धुपारे करत बसलेल्या घरांतून गोवराची आणि हगवणीची लेकरं मी उशिरा उचलली आहेत, आणि काही हातून गेली आहेत. जुन्या रीतींमध्ये स्वार्थही होता. पटकीच्या साथीत मरीमायचा गाडा गावातून ओढत नेऊन शेजारच्या गावाच्या शिवेत सोडायचे. म्हणजे आपली पीडा दुसऱ्याच्या माथी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत गावाबाहेर नेतात, त्यातही रोगराई हाकलायचीच भावना आहे, फक्त तिथे शेजारी सुटतो. मला या रीतींतली एकच गोष्ट जपावीशी वाटते. बंधन घालणारे आणि बंधनात राहणारे एकच लोक होते.

सरकारी बंदी आली ती ४ फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने. त्याआधी सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला होता. घाईघाईत झालेला हा कायदा जेमतेम पानभराचा, मुळात चार कलमांचा. निवृत्तीनंतर तो मी पहिल्यांदा नीट वाचला. सरकारला वाटेल ते नियम करता येतील, प्रवासी तपासता येतील, संशयितांना वेगळं ठेवता येईल, मोडणाऱ्याला शिक्षा होईल, आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा चालणार नाही. नुकसानभरपाईचा उल्लेख आहे, तोही कंसात आणि 'असल्यास' अशा बोलीवर. ज्याला घरात किंवा छावणीत कोंडायचं त्याला खायला काय मिळेल, याबद्दल एक ओळ नाही. सव्वाशे वर्षांनी महाराष्ट्राने कोरोनासाठी उपसला तोही हाच कायदा, १३ मार्च २०२० रोजी.

प्लेगच्या साथीत पुण्यात या कायद्याचं काय झालं ते शाळेत आपण शिकतो, पण क्रांतीचा धडा म्हणून शिकतो. मी तो आरोग्याचा धडा म्हणून वाचते. प्लेग अधिकारी रँड याच्या हाताखाली १३ मार्च १८९७ पासून गोऱ्या सोल्जरांनी घरझडत्या सुरू केल्या. देवघरात, माजघरात बूट गेले. आजारी माणूस इस्पितळात, त्याचे नातेवाईक छावणीत, सामानाची होळी. लोक आजार लपवू लागले, प्रेतं लपवू लागले, शहर सोडून पळू लागले. आणि साथ थांबवायची तर हेच तीन प्रकार आधी थांबवावे लागतात. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, ३ जुलैला तो मेला. टिळकांनी 'केसरी'तून सोल्जरांच्या वागण्यावर आसूड ओढले, पण ते स्वतः शहर सोडून गेले नाहीत. त्यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी हिंदू इस्पितळ उभारण्यात पुढाकार घेतला आणि गाव सोडून पळालेल्या पुढाऱ्यांनाही त्यांनी सोडलं नाही.

मार्चमधल्या त्याच आठवड्यातली दुसरी घटना मला जास्त जवळची. झडत्या सुरू होण्याच्या तीन दिवस आधी, १० मार्चला, सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. त्यांचा मुलगा डॉ. यशवंत याने हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या गायकवाडांचा आजारी मुलगा सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तिथे आणला आणि त्यातच त्यांना लागण झाली. सोल्जरही रोग्याला घरातून काढून वेगळा ठेवत होते आणि सावित्रीबाईही तेच करत होत्या. वैद्यकाच्या हिशेबाने काम एकच. एकाला पाहून दार लागलं, दुसरीच्या पाठीवर आईबापांनी पोर दिलं. साथीच्या काळात शासनाने कसं वागावं, यासाठी मला याहून मोठं उदाहरण ठाऊक नाही.

मार्च १८९८ मध्ये मुंबईत प्लेगच्या तपासणीवरून दंगल उसळली, आणि त्यानंतर सरकारने हळूहळू जबरदस्ती सैल केली. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये स्वतःवर टोचून पाहिलेली लस लोकांनी राजीखुशीने घ्यावी, असं धोरण आलं.

त्या वेळी आमचा हा भाग वऱ्हाडच्या वणी जिल्ह्यात मोडायचा. १९०५ साली त्या जिल्ह्याचं नाव यवतमाळ झालं. मारेगाव वणी तालुक्यातलं एक गाव होतं, तालुका पुष्कळ नंतर झाला. प्लेगमध्ये इकडच्या खेड्यांनी काय केलं ते माझ्या आजीच्या तोंडून ऐकलेलं आहे. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडायचं. वावरात झोपड्या टाकायच्या, ढोरं-वासरं तिकडेच न्यायची, गावात फक्त कुत्री राहायची. दाणे काढायला कुणी एकट्याने गावात जायचं नाही, असा दंडक होता. रोग उंदरांच्या पिसवांमधून येतो हे शास्त्रज्ञांना पटेपर्यंत कैक वर्षं गेली, पण गाव रिकामं करणं हा उपाय लागू पडतो हे प्लेग कमिशननेही मान्य केलं. आजी सांगायची, वावरात भीती होती पण कोंडमारा नव्हता. आभाळ उघडं होतं, शेजार तोच होता. १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीत, मात्र हाही उपाय चालला नाही. तो ताप वाऱ्यासारखा आला आणि मध्य प्रांत-वऱ्हाडाला त्याने देशात सर्वांत जबर तडाखा दिलेल्या प्रांतांमध्ये नेऊन ठेवलं. माणसं पळणार कुठे?

माझे वडील देवी टोचणारे होते. वणी तालुक्यात सायकलवर फिरायचे. लोक त्यांना देवी डॉक्टर म्हणत, ते डॉक्टर नसले तरी. सुरुवातीला त्यांच्याजवळ दांडीच्या टोकाला दातेरी चकती असलेलं हत्यार होतं. दंडावर लस लावायची, चकती टेकवायची आणि दांडी गरकन फिरवायची. पोरं किंचाळायची, जखम पिकायची, महिनाभर हात उचलवायचा नाही. आमच्या पिढीच्या दंडावर रुपयाएवढे वण आहेत ते त्याचेच. ते येत आहेत अशी कुणकुण लागली की आया पोरांना घरात रचलेल्या कापसात दडवायच्या. पुढे दोन टोकांची बारीक सुई आली, पंधरा वेळा हलकेच टोचायची, आणि लोकांचा निम्मा विरोध गेला. उपाय कमी दुखरा केला तर सक्तीही कमी लागते, हे कार्यालयात बसून कळत नाही.

ज्या घरात देवी आलेल्या असत त्या घराने आपणहून काय काय सोडलेलं असे! दाराला कडुलिंबाचे डहाळे, फोडणी बंद, पाहुणे बंद, चपला बाहेर, बाहेरचं माणूस उंबऱ्यावरूनच परत. मातामायचा कोप होऊ नये म्हणून ते पाळत, पण घडायचं ते विलगीकरणच. वडील त्या डहाळ्याला हात जोडायचे आणि घरात न शिरता शेजारच्या घरांना टोचत सुटायचे. देवी निर्मूलनाच्या शेवटच्या मोहिमेचं तंत्रही असंच होतं: रोगी शोधा, त्याच्या घरावर पहारा ठेवा, भोवतालच्यांना टोचा. मे १९७५ मध्ये आसामात देशातला शेवटचा रुग्ण सापडला. त्या मोहिमेत सगळं गोडीगुलाबीने झालं असं नाही. काही ठिकाणी रात्री दारं फोडून लोकांना धरून टोचलं गेलं, हे त्या मोहिमेतल्याच माणसांनी पुढे लिहून ठेवलं आहे.

आणि मग आलं १९७६. नसबंदीचं. त्या वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. देशात १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. मी त्यानंतर काही वर्षांनी नोकरीला लागले, तर जीपचा आवाज आला की पुरुष तुरीच्या वावरात पळायचे. मी हातात ट्रिपलची लस घेऊन उभी आणि आई म्हणायची, "या सुईनं पोराचं पुढं काही बंद त नाई ना होत?" जबरदस्ती करणारा साहेब बदलून गेलेला असतो. त्याचं देणं पुढल्या नर्सबाईने फेडायचं असतं, दर दारात, वर्षानुवर्षं. बळाने काम लवकर होतं असं म्हणणाऱ्यांना मी हा हिशेब विचारते.

मार्च २०२० मध्ये गावांनी आपल्या वेशी बोराट्या आणि बैलगाड्या आडव्या टाकून बंद केल्या. ते पाहून मला आधी बरं वाटलं, मग काळजी वाटली. कारण या वेळी कुंपण आपल्याच माणसांवर होतं. पुण्या-मुंबईला, तेलंगणात कामाला गेलेली पोरं परत येत होती आणि गाव त्यांना आत घेत नव्हतं. करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी असा जो नागपूर-हैदराबाद महामार्ग आमच्या शेजारून जातो, त्यावरून लेकरं खांद्यावर घेतलेली माणसं उन्हात चालत होती. लोकांनी त्यांना पाणी दिलं, भाकरी दिली. त्याच वर्षी मे महिन्यात आर्णी तालुक्यात मजुरांना नेणाऱ्या एसटीला अपघात होऊन माणसं गेली. घरी जायची मोकळीक आधी हिरावली आणि नंतर अशी दिली.

गावी आलेल्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ठेवायचं ठरलं. ज्या गावात डब्याची, आंघोळीच्या पाण्याची, बायकांच्या आडोशाची सोय पंचायतीने आधी केली, तिथून कुणी पळालं नाही. जिथे नुसतं कुलूप लावलं, तिथली माणसं रात्री वावरातून घरी जाऊन पहाटे परत यायची. इकडे घराघरांत कापूस पडून होता, खरेदी बंद, खरिपाचं बियाणं कशाने घ्यायचं हा घोर. मास्क नसलेल्याला काठी मारणं सोपं होतं. त्याला कापूस विकायची वाट दाखवणं अवघड होतं, आणि तो त्याचीच वाट पाहत होता.

एप्रिल २०२१ मध्ये शेजारच्या वणीत दारूची दुकानं बंद असताना सॅनिटायझर पिऊन सात जण मेले. दारूबंदीच्या बाजूने मी आयुष्यभर बोलले आहे. तरीही म्हणते, व्यसन जडलेल्या शरीराचं एका रात्रीत काय होईल, हे नियम काढणाऱ्याने एखाद्या दवाखान्यातल्या माणसाला विचारायला हवं होतं.

कोरोनाची लस आली तेव्हा पोडांवर ती नको होती. जानेवारी २०२१ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या कापसी कोपरीला १२ लेकरांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं होतं. लेकरं वाचली, पण बातमी पोडोपोडी पोचली होती. अशा लोकांना अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. त्यांच्याजवळ कारण होतं. निवृत्त असूनही आशाताईंच्या बरोबर मी काही पोडांवर गेले. रेशन अडवू, दाखले अडवू अशा धमक्या तोवर तिथे पोचलेल्या होत्या, आणि त्यामुळे उरलेसुरलेही बिथरले होते.

एका पोडावर नाईकाच्या ओट्यावर बसून बोलणं झालं. त्याने लसीत काय आहे ते विचारलं नाही. विचारलं ते असं: "ताप येते म्हनता. डवरनीचे दिवस हायेत. दोन रोज पडून राहिलो त मजुरी कोन देईन?" मजुरी देणं माझ्या हातात नव्हतं. मी म्हटलं, सगळ्या पोडाला एका दिवशी नको, घरटी एक माणूस आज, दुसरा पुढच्या आठवड्यात. सुई संध्याकाळी, काम आटोपल्यावर, म्हणजे ताप रात्री निघेल. पहिल्या रात्री आशाताई पोडावरच मुक्कामाला राहतील, गोळ्या त्यांच्याजवळ असतील. नाईक उठून आत गेला, घरच्यांशी कोलामीत बोलला आणि बाहेर येऊन म्हणाला, आधी माझं नाव लिहा. तालुक्याला आम्ही संध्याकाळची वेळ कळवली. तिथल्या डॉक्टरांनी ती मान्य केली आणि वाहन उशिरापर्यंत थांबवायची परवानगी दिली. त्या पोडाला लागून असलेल्या दुसऱ्या वस्तीनेही मग तेच वेळापत्रक मागून घेतलं.