तंत्रस्नेही शिक्षक : प्रशिक्षण कुठे मिळते आणि ते वर्गात कसे उतरते?

महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द आता चांगलाच रुळला आहे. शिकवताना मोबाइल, संगणक, प्रोजेक्टर किंवा एखादे ॲप वापरणाऱ्या शिक्षकाला तो लावला जातो. मात्र साधन चालवता येणे आणि त्या साधनाने शिकवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिक्षकांच्या डिजिटल प्रशिक्षणाचे यश या फरकावरच ठरते.

प्रशिक्षण कुठे मिळते?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासासाठी देणे अपेक्षित आहे. यासाठीचे मोठे ऑनलाइन माध्यम म्हणजे ‘दीक्षा’. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या या मंचावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत पाठ आणि शिक्षकांसाठी अभ्यासक्रम आहेत. ‘निष्ठा’ हा केंद्र सरकारचा प्रशिक्षण कार्यक्रम २०१९ मध्ये प्रत्यक्ष वर्गांच्या स्वरूपात सुरू झाला आणि कोरोनाकाळात २०२० मध्ये ‘दीक्षा’वर आला. राज्यात पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, जिल्ह्यांतील ‘डाएट’ आणि केंद्रस्तरावरच्या शिक्षण परिषदा हे काम करतात.

शिक्षकाला नेमके काय शिकावे लागते?

पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या अभ्यासकांनी २००६ मध्ये मांडलेली ‘टीपॅक’ ही चौकट येथे उपयोगी पडते. तिच्यानुसार शिक्षकाला तीन प्रकारचे ज्ञान लागते : विषयाचे, अध्यापनाचे आणि तंत्रज्ञानाचे. ही तिन्ही एकत्र येतात तेव्हाच साधनाचा उपयोग होतो.

उदाहरण त्रिकोणाचे घेऊ. तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असते, हे वाक्य फळ्याऐवजी पडद्यावर दाखवले तर फक्त जागा बदलते. पण ‘जिओजेब्रा’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्रिकोणाचा शिरोबिंदू सरकवला की कोन बदलत राहतात, बेरीज मात्र तीच राहते. ‘आता काय होईल?’ असे मुलांना आधी विचारून मग बिंदू सरकवला, तर मुले स्वतः अंदाज बांधतात आणि तपासतात. बिंदू सरकवायला पाच मिनिटांत शिकता येते. प्रश्न कधी विचारायचा, हे शिकायला सराव लागतो. शिवाय शेकडो त्रिकोण पाहिले म्हणजे सिद्धता झाली असे नाही, हे मुलांना सांगण्यासाठी विषयाचे ज्ञान लागतेच.

परितेवाडीचा अनुभव

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक असताना रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. कोड स्कॅन केला की कविता ऐकता येत, पाठाचे व्हिडिओ पाहता येत, गोष्टी आणि स्वाध्याय मिळत. या कामासाठी त्यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइज’ हा दहा लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली. क्यूआर कोड हे तंत्र काही त्यांनी शोधलेले नव्हते. आपल्या वर्गातील मुलांना त्याचा काय उपयोग, हे त्यांनी ओळखले.

प्रमाणपत्र आणि वर्ग यांतले अंतर

ऑनलाइन अभ्यासक्रमात साधारणपणे व्हिडिओ पाहायचा, प्रश्नावली सोडवायची आणि प्रमाणपत्र घ्यायचे असा क्रम असतो. यातून किती शिक्षकांपर्यंत माहिती पोहोचली हे समजते; वर्गात काय बदलले हे समजत नाही. शाळेची इतर कामे सांभाळून वेळ काढायचा असल्याने अभ्यासक्रम ‘उरकण्याकडे’ कल होतो, आणि त्याची किंमत मुले मोजतात : प्रोजेक्टर असतो, पण त्यावर फक्त व्हिडिओ लागतो.

हे अंतर कमी करण्याचे काही मार्ग खर्चाचे नाहीत :

- एका वेळी एकच साधन आणि एकच पाठ निवडणे.
- सहकारी शिक्षकाला तास पाहायला बोलावणे आणि नंतर चर्चा करणे.
- शिक्षण परिषदेत यशाबरोबर फसलेला तासही मांडणे.
- ‘दीक्षा’वरील साहित्य आधीच डाउनलोड करून ठेवणे, म्हणजे वर्गात नेटवर्क नसले तरी अडत नाही.
- वीज गेली तर तोच पाठ फळा-खडूने कसा घ्यायचा, हे ठरवून ठेवणे.

साधन वापरायचे की नाही, हे ठरवायला एक प्रश्न पुरतो : या साधनामुळे मुलांना असे काय करता येईल, जे त्याशिवाय करता आले नसते? उत्तर सापडले नाही, तर त्या दिवशी प्रोजेक्टर बंद ठेवणे हाही तंत्रस्नेही शिक्षकाचाच निर्णय असतो.