वीस व्होल्टांची आगगाडी

जर्मनीतील ग्योपिंगेन येथील ज्या मेर्क्लिन कारखान्याने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत इंग्रजी आठाच्या आकाराचा लोहमार्ग मांडून चावीच्या आगगाडीस खेळण्यांच्या राज्यात कायमची सनद मिळवून दिली, त्याच कारखान्याच्या विजेवरील आरंभीच्या गाड्या घरच्या दिवाबत्तीच्या प्रवाहावर, मध्ये रोध म्हणून केवळ एखादा दिवा जोडून, चालत असत. आणि ज्या रुळांना बालके निःशंकपणे हात लावीत, त्यांत प्राणघातक दाब खेळत असे, हे आठवले की त्या काळच्या मातापित्यांच्या धैर्याचे कौतुक करावे की अज्ञानाचे, असा प्रश्न पडतो. १९२६ साली वीस व्होल्टांची पद्धती आली आणि रोहित्राचा अंमल सुरू झाला. लोखंडी गाभ्यावरील दोन वेटोळी परस्परांस न शिवता केवळ चुंबकत्वाच्या द्वारे शक्तीची देवघेव करतात; अभय मिळते ते या अलिप्ततेमुळे.

रोहित्र निवडताना व्होल्टांइतकीच त्याची कुवतही पाहावी लागे, कारण इंजिन, डब्यांतील दिवे आणि सांधे यांच्या मागणीची बेरीज तिच्याबाहेर गेली की गाडी चढणीवर धापा टाकी. गाडी थांबताच रोहित्रास दोषी धरण्याचा प्रघात मात्र अन्यायाचा होता: रुळांकडे जाणाऱ्या तारा सोडवून पाहिल्यावर ते पूर्ववत दाब देऊ लागले, तर गुन्हेगार बहुधा रुळांवर आडवा पडलेला एखादा खिळाच निघे.